सरफोजी, शिवाजी, स्टॅलिन : परक्या नावांचे तमिळ घर

१ मार्च १९५३ रोजी मद्रास शहरात मु. करुणानिधी यांना मुलगा झाला. त्याचे नाव अय्यादुरै ठेवावे, असे वडिलांच्या मनात होते. ‘अय्या’ म्हणजे पेरियार ई. वे. रामसामी आणि ‘दुरै’ हा अण्णादुरै यांच्या नावाचा उत्तरार्ध. द्रविड चळवळीच्या दोन्ही धुरीणांना एकाच पाळण्यात बसवणारे हे नाव तमिळ होते, चळवळीचे होते आणि घरचेही होते. परंतु चार दिवसांनी, ५ मार्चला, योसेफ स्टॅलिनचे निधन झाले. त्यानिमित्त मद्रासमध्ये झालेल्या शोकसभेत बोलताना करुणानिधींनी मुलाचे नाव स्टॅलिन ठेवत असल्याचे जाहीर केले. ही हकीकत त्या मुलाने मोठेपणी अनेकदा सांगितली आहे. शाळाप्रवेशाच्या वेळी या नावावर हरकत घेतली गेली, तेव्हा ‘शाळा बदलू, नाव बदलणार नाही’ अशी भूमिका वडिलांनी घेतली, हेही तो सांगतो.

या प्रसंगातील विसंगती नजरेत भरणारी आहे. ज्या चळवळीने संस्कृत शब्द वेचून बाहेर काढण्याचा आग्रह धरला, तिच्या एका अग्रणी लेखकाने स्वतःच्या मुलाला रशियन नाव द्यावे आणि तमिळ समाजाला त्यात काही वावगे वाटू नये, हे कसे? तमिळ लेखनपद्धतीच्या दृष्टीने पाहिले तर हे नाव शुद्ध तमिळमध्ये लिहितासुद्धा येत नाही. शब्दारंभी जोडाक्षर येऊ न देणे हा तमिळचा प्राचीन नियम आहे. शिवाय ‘स’साठी ग्रंथ लिपीतून उसने घेतलेले अक्षर वापरावे लागते. म्हणून शुद्धतेचा कडक आग्रह धरणारे मोजके लोक ‘इसुटालिन’ असे काहीतरी लिहितात. बाकी सगळा तमिळनाडू भिंतींवर, फलकांवर आणि मतपत्रिकांवर ते उसने अक्षर बिनदिक्कत वाचत आला आहे.

परभाषेतील नावे लोकप्रिय का होतात, या प्रश्नाला सहसा ‘फॅशन’ या एका शब्दात उत्तर दिले जाते. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. वस्त्र जुने झाले की टाकता येते. नाव मात्र माणसाबरोबर साठ-सत्तर वर्षे राहते आणि काही समाजांत त्याच्या मुलांच्या नावातही उतरते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना त्यात विशेष रस वाटावा याचे कारण असे की, परके नाव बहुधा एखाद्या कथनाच्या आधाराने सीमा ओलांडते. ते कथन महाकाव्याचे असेल, नाटकाचे असेल, चित्रपटाचे किंवा क्रांतीचेही असेल. नाव पोहोचल्यावर कथन मागे राहिले तरी चालते.

आयरिश नावांची यात्रा या दृष्टीने बोधप्रद आहे. जेम्स मॅक्फर्सन या स्कॉटिश लेखकाने १७६०च्या दशकात ‘ओसियन’ नामक प्राचीन कवीच्या रचनांचे भाषांतर म्हणून काही काव्यग्रंथ प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखितांच्या सत्यतेविषयी लगेचच वाद उद्भवला. तथापि युरोपभर त्या काव्याचे वेड पसरले. नेपोलियन त्याचा निस्सीम चाहता होता. सेनापती बर्नाडोट याला १७९९ मध्ये मुलगा झाला आणि मुलाच्या नावांत ओसियनच्या पुत्राचे ‘ऑस्कर’ हे नाव होते. पुढे बर्नाडोट स्वीडनच्या गादीवर आला आणि १८४४ मध्ये तो मुलगा पहिला ऑस्कर म्हणून राजा झाला. गेलिक आख्यानातील एक योद्धा अशा रीतीने स्कॉटिश लेखक आणि फ्रेंच सम्राट यांच्या मध्यस्थीने स्कँडिनेव्हियन राजघराण्यात नांदू लागला. आज स्टॉकहोममध्ये मुलाचे नाव ऑस्कर ठेवणाऱ्या आईबापांना आयर्लंडची आठवण होण्याचे काही कारण नाही.

‘केविन’ची गोष्ट याहून अलीकडची आणि जरा कडवट आहे. ग्लेन्डालोखच्या सहाव्या शतकातील संताचे हे नाव. आयरिश रूप ‘क्वीवीन’च्या जवळ जाणारे, अर्थ ‘सुकुमार जन्माचा’. १९९०-९१च्या सुमारास केविन नावाच्या मुलाच्या करामतींवरील अमेरिकन विनोदी चित्रपट आणि केविन कॉस्टनर हा नट या दोघांच्या लोकप्रियतेच्या लाटेवर ते युरोपभर पसरले. १९९१ मध्ये जर्मनीत मुलांच्या नावांत ते पहिल्या क्रमांकावर होते; फ्रान्समध्येही त्याच सुमारास काही वर्षे अग्रस्थानी होते. ही मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा मात्र नावाला निराळा वास येऊ लागला. २००९ मध्ये ओल्डेनबुर्ग विद्यापीठातील एका पाहणीत, केवळ नावावरून शिक्षक मुलांविषयी पूर्वग्रह बाळगतात आणि ‘केविन’ हे नाव त्यांना खालच्या थरातील, त्रासदायक मुलाचे वाटते, असे आढळले. संताच्या नावाचे रूपांतर दोन दशकांत सामाजिक शिक्क्यात झाले, आणि तेही आयर्लंडचा काही दोष नसताना.

खुद्द आयर्लंडमध्ये नावांचा प्रवास उलट दिशेने झाला होता. इंग्रजी सत्तेखाली आयरिश नावांच्या जागी नादाने थोडीफार जुळणारी इंग्रजी-बायबली नावे नोंदली जात. ताइगचा टिमथी झाला, डिअर्मुइडचा जेरेमाया, कॉनरचा कॉर्नेलियस आणि ग्रॉन्याची ग्रेस झाली. अर्थाचा काहीही संबंध नव्हता. पहिल्या अक्षराशी मेळ बसला की पुरे. डग्लस हाइड यांनी १८९२ मध्ये डब्लिन येथे दिलेल्या व्याख्यानात, आयर्लंडचे इंग्रजीपण उतरवण्याची आवश्यकता प्रतिपादताना, या नावांच्या विटंबनेचा मुद्दा मुद्दाम मांडला. पुढल्या वर्षी गेलिक लीग स्थापन झाली आणि जुनी नावे हळूहळू परतू लागली.

मद्रासमध्ये अशाच स्वरूपाचा उद्योग दोन तपांनी सुरू झाला. स्वामी वेदाचलम या विद्वानांनी १९१६च्या सुमारास शुद्ध तमिळची चळवळ आरंभली आणि स्वतःचे नाव मरैमलै अडिगळ असे केले. वेद म्हणजे ‘मरै’, अचल म्हणजे ‘मलै’, स्वामी म्हणजे ‘अडिगळ’. त्यांच्याही आधी सूर्यनारायण शास्त्री यांनी परितिमार कलैञर हे रूप घेतले होते, तेही असेच शब्दशः अनुवादाने. आयर्लंडमध्ये नावाचा नाद राखून अर्थ सोडला गेला आणि तमिळ देशात अर्थ राखून नाद सोडला गेला, हा भेद मूलगामी आहे. पहिली गोष्ट राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी झाली आणि दुसरी स्वेच्छेने. तमिळ प्रयोगाची आणखी एक गंमत अशी की, अनुवाद करण्यासाठी संस्कृत अर्थ मान्य करावा लागतो. ‘मरैमलै’ या नावाच्या पोटात ‘वेदाचल’ शिल्लकच आहे. पुढच्या पिढीने म्हणूनच अनुवादाचा मार्ग सोडून प्राचीन साहित्यातून नावे उचलली. नारायणसामीचे नेडुंचेळियन झाले, ते ‘शिलप्पदिकारम’मधील पांड्य राजाच्या नावावरून. शिलप्पदिकारम १८९२ मध्ये उ. वे. सामिनाथ अय्यर यांनी संपादून छापले नसते, तर इळंगो, कण्णगी, चेळियन ही नावे एवढ्या सहजपणे पाळण्यापर्यंत पोहोचली असती काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ‘कल्कीं’च्या ‘पोन्नियिन सेल्वन’ या १९५० ते १९५४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीनेही कुंदवै, वानती, पूंकुळली अशी नावे घराघरांत नेली. त्यांतील काही इतिहासातील आहेत आणि काही केवळ लेखकाच्या कल्पनेतील. पाळण्याला त्याचे सोयरसुतक नसते.

या पार्श्वभूमीवर तमिळ देशातील मराठी नावांकडे पाहणे अगत्याचे ठरते. मराठी अभ्यासक तंजावरच्या भोसल्यांविषयी लिहितात ते सरस्वती महालाच्या आणि नाटकांच्या संदर्भात. त्यांच्या नावांचा विचार फारसा झालेला नाही. वास्तविक तोच सर्वांत रोचक आहे.

बखरींतून चालत आलेली परंपरा अशी की, मालोजीराजांना संतती नव्हती; अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केल्यावर दोन पुत्र झाले, म्हणून त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवण्यात आली. ‘शाह’ हा फारसी शब्द, ‘शरीफ’ हा अरबी. दोघांनाही ‘जी’ हा देशी आदरार्थी प्रत्यय लावला आणि नावे मराठी झाली. सतराव्या शतकातील मराठा घराण्यांत हे काही अपूर्व नव्हते. दौलतराव, हैबतराव, सुलतानजी, दर्याबाई ही नावे याच प्रकारची आहेत. चाकणच्या किल्लेदाराचे फिरंगोजी हे नाव तर थेट फिरंग्यावरून आलेले. आपली नावे परकी आहेत अशी शंकाही या मंडळींना आली नसेल. मराठी वाचकालाही आज ‘शहाजी’ या नावात परकेपण जाणवत नाही. छत्रपतींच्या पित्याचे नाव परके कसे असेल? नावाला घर देण्याचे काम प्रत्ययाने आणि पराक्रमाने केले, व्युत्पत्ती निमूटपणे बाजूला झाली.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांच्या तिघा मुलांची नावे शहाजी, सरफोजी आणि तुकोजी. म्हणजे पिराच्या नावाची जोडी आजोबा आणि चुलत आजोबा यांच्यापासून नातवांकडे आली आणि कावेरीच्या काठी पुन्हा पाळण्यात पडली. मधल्या काळात ‘शरीफजी’चे ‘सरफोजी’ झाले होते. तमिळमध्ये ‘फ’ नाही. त्यामुळे तेथे त्याचे ‘सरबोजी’ झाले. दरबारच्या संस्कृत पंडितांपुढे मात्र वेगळी अडचण होती. राजाची स्तुती संस्कृतात करायची तर नाव संस्कृतात बसले पाहिजे. त्यांनी ‘शरभ’ हा शब्द शोधून काढला. शरभ म्हणजे सिंहालाही भारी पडणारा पुराणातील अष्टपाद प्राणी. शिवाने नृसिंहाच्या शमनासाठी घेतलेले रूपही तेच, आणि त्याची शिल्पे चोळांच्या मंदिरांत आहेत. तंजावरच्या राजाला याहून शोभेलसे नाव कोणते? सरफोजी ‘शरभेंद्र’ झाला. शिवक्कोळुंदु देसिकर यांनी दुसऱ्या सरफोजीवर रचलेल्या तमिळ नाटकाचे नाव ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ असे आहे. पहिल्या शहाजीच्या वाट्याला ‘शाहेंद्र’ हे रूप आले. श्रीधर वेंकटेश यांचे ‘शाहेंद्रविलास’ हे संस्कृत काव्य त्याच्यावरच आहे.

अहमदनगरचा पीर, मराठ्यांचा ‘जी’, तमिळांचा ‘ब’ आणि पंडितांचा शरभ एवढे सगळे एका नावात मुक्कामाला आहेत. आयरिश नावांच्या बाबतीत नाद राखून अर्थ सोडला, तमिळ शुद्धिवाद्यांनी अर्थ राखून नाद सोडला, असे वर म्हटले. तंजावरने तिसरी वाट काढली. नाद राखला आणि त्याला नवाच अर्थ पुरवला. लोकव्युत्पत्ती म्हणून अशा गोष्टींची भाषाशास्त्रात टर उडवली जाते. पण ही व्युत्पत्ती अडाण्यांची नव्हती. ती त्या काळच्या श्रेष्ठ पंडितांची होती आणि बहुधा जाणूनबुजून केलेली होती. तंजावरच्या महाविद्यालयाच्या तमिळ फलकावर आजही ‘मन्नर सरबोजी’ आहे, म्हणजे सरबोजी राजा. तेथील विद्यार्थ्याला ते नाव मराठी वाटत असेल, तंजावरचे वाटत असेल. अरबी वाटत नसेल हे निश्चित.

तंजावरचा अखेरचा राजाही शिवाजी नावाचाच होता. तो १८५५ मध्ये वारला आणि संस्थान खालसा झाले. परंतु चेन्नईत ‘शिवाजी’ हे नाव उच्चारताच जो माणूस डोळ्यांसमोर येतो तो हा नव्हे, आणि रायगडचा छत्रपतीही नव्हे. मराठी प्रवासी चेन्नईत ‘शिवाजी’ नाव ऐकतो, सुखावतो आणि महाराजांची कीर्ती येथवर पोहोचली असे म्हणून परततो. हा सुखद गैरसमज जरा तपासून पाहिला पाहिजे.

महाराजांचे नाव या शहराने प्रथम ऐकले ते इंग्रजांच्या दप्तरातून. १६७७च्या दक्षिण स्वारीत त्यांनी सेंट जॉर्ज किल्ल्यातील इंग्रजांकडे विषावरील उतारे आणि पौष्टिक औषधी मागवल्या होत्या. कौन्सिलने त्या भेटीदाखल पाठवल्या. दप्तरात नाव आहे ‘सेवाजी’. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला महाराज जॉर्ज टाउनमधील काळिकांबाळच्या दर्शनाला आले होते, असे तेथील देवळात सांगितले जाते. श्रद्धेच्या दृष्टीने ही परंपरा मोलाची आहे. पण नावाच्या प्रसाराशी तिचा फारसा संबंध जोडता येत नाही.

तमिळ समाजात हे नाव रुजवले ते रंगभूमीने. १९४०च्या दशकाच्या मध्यास अण्णादुरै यांनी ‘शिवाजी कंड इंदु राज्यम’, म्हणजे शिवाजीने साकारलेले हिंदू राज्य, अशा नावाचे नाटक लिहिले. मराठी वाचकाला शीर्षकावरून ते ऐतिहासिक गौरवनाट्य वाटेल. आशय अगदी निराळा आहे. नाटकाचा कणा म्हणजे राज्याभिषेकाचा वाद. स्वपराक्रमाने राज्य मिळवलेल्या पुरुषाला वर्णाच्या आधारावर सिंहासन नाकारले जाते आणि काशीहून गागाभट्ट आणावा लागतो. गागाभट्टाची भूमिका स्वतः अण्णादुरै करीत. शिवाजीची भूमिका आरंभी एम. जी. रामचंद्रन यांच्याकडे जायची होती. ती अखेर विळुपुरमच्या गणेशन नावाच्या तरुण नटाकडे आली. प्रयोग पाहून पेरियार यांनी त्याला ‘शिवाजी’ म्हणून संबोधले आणि गणेशनचा शिवाजी गणेशन झाला. १९५२च्या ‘पराशक्ती’ या पहिल्याच चित्रपटापासून, ज्याचे संवाद करुणानिधींचे होते, ते नाव तमिळ घराघरांत गेले.

म्हणजे तमिळ ‘शिवाजी’ हा द्रविड चळवळीचा मानसपुत्र आहे. त्याचे नाते महाराष्ट्रातल्या राजकीय शिवाजीपेक्षा जोतीराव फुले यांनी १८६९च्या पवाड्यात उभ्या केलेल्या शूद्रांच्या राजाशी अधिक जवळचे आहे. फुले आणि अण्णादुरै यांच्यात प्रभावाचा थेट धागा दाखवण्याची येथे गरज नाही. ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन चळवळींना एकाच राजाच्या एकाच प्रसंगात स्वतःची गोष्ट दिसली, हे साम्य प्रभावापेक्षा अधिक मोलाचे आहे. शिवाय देवांची नावे टाळा म्हणणाऱ्या पेरियारांनीच ज्याच्या आरंभी ‘शिव’ आहे असे नाव एका नटाला बहाल करावे, यावरून नाव आणि अर्थ यांच्यातील अंतर किती वाढू शकते हे कळते. तमिळ श्रोत्याला त्या नावात शिव ऐकू येत नाही. गणेशन यांचा धीरगंभीर आवाज ऐकू येतो.

या नावाची पुढची वळणे तर एखाद्या रहस्यकथेला शोभावीत. १९५० मध्ये बंगळुरात एका मराठीभाषक पोलीस शिपायाच्या घरी मुलगा झाला. त्याचे नाव छत्रपतींवरून शिवाजीराव ठेवले गेले. हा शिवाजीराव गायकवाड १९७०च्या दशकात मद्रासला नट होण्यासाठी आला तेव्हा तेथे एक शिवाजी आधीच विराजमान होता. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी आपल्याच ‘मेजर चंद्रकांत’ या १९६६च्या चित्रपटातील एका पात्राचे नाव त्याला दिले : रजनीकांत. खरा, घरचा, मराठी ‘शिवाजी’ असा तमिळ ‘शिवाजी’साठी बाजूला सरला आणि त्याच्या जागी बंगाली वळणाचे संस्कृत नाव आले. २००७ मध्ये ए. व्ही. एम. निर्मित, शंकर दिग्दर्शित चित्रपटात रजनीकांत यांनी नायक साकारला, त्या नायकाचे आणि चित्रपटाचेही नाव ‘शिवाजी’. प्रेक्षकांनी त्यात गणेशन यांना केलेला मुजरा पाहिला. नटाच्या जन्मनावाची आठवण किती जणांना झाली असेल, कोण जाणे.

‘जी’ हा प्रत्यय तमिळमध्ये परका. त्याला लागणारे ‘ज’ हे अक्षरही ग्रंथ लिपीतले. तरीही ‘बालाजी’ हे नाव चेन्नईत इतके सर्रास आढळते की ते उत्तरेचे आहे असे सांगितल्यास ऐकणारा हसेल. तिरुमलैच्या देवाला तमिळ भक्त पेरुमाळ म्हणतो, एळुमलैयान म्हणतो. ‘बालाजी’ ही उत्तरेकडील आणि मराठी यात्रेकरूंची हाक. देवस्थानचा कारभार १८४३ पासून १९३३ पर्यंत हाथीरामजी मठाच्या महंतांकडे होता, आणि ते महंत उत्तरेचे होते. याउलट व्यंकोजी आणि व्यंकटराव ही मराठी नावे त्याच देवाच्या दक्षिणी नावावरून आली. एकाच डोंगरावरून दोन्ही बाजूंना नावे उतरली आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव आपले मानले.

आता चेन्नईतील प्रत्यक्ष आयरिश नावांविषयी. या शहराचा आयर्लंडशी संबंध जुना आहे. १८३४ पासून मद्रासच्या कॅथलिक धर्मप्रांताचे प्रमुख ओकॉनर आणि पुढे फेनेली हे आयरिश होते. प्रेझेंटेशन संघाच्या जोगिणी १८४२ मध्ये आयर्लंडहून येथे आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये अड्यारहून चालवलेल्या चळवळीचे ‘होमरूल’ हे नावही आयरिश राजकारणातून उचललेले. त्याच वर्षी टिळकांनी बेळगावला तेच नाव स्वीकारले होते. आयर्लंडमधून आलेल्या मार्गारेट कझिन्स मद्रासमध्ये स्त्रियांच्या चळवळीत अग्रभागी होत्या. एवढे असूनही येथील ख्रिस्ती कुटुंबांना या मंडळींकडून मिळाली ती पॅट्रिक, मेरी, जोसेफ, टेरेसा अशी सार्वत्रिक संतनामे. गेलिक नावे नव्हेत. पॅट्रिक हे आयर्लंडचे अत्यंत प्रिय नाव, पण तेही मुळात रोमन. त्या काळी खुद्द आयर्लंडमध्ये ताइगचा टिमथी होत होता, तर मद्रासला ताइग कोण आणणार? आज चेन्नईच्या शाळांत केविन, रायन, ब्रायन भेटतात ते आयरिश जोगिणींचे देणे नव्हे. ती नावे अमेरिकेमार्गे, पडद्यावरून आणि परदेशस्थ नातलगांकडून आली असावीत. आणि त्यातील ‘रायन’ तर मुळात आडनाव आहे.

परदेशस्थ भारतीय कुटुंबांत आयरिश आणि भारतीय नावांच्या योगायोगाने जुळलेल्या जोड्यांना विशेष मागणी असते. नील आणि नीअलचे इंग्रजी रूप नील, शीला आणि शीलाचे आयरिश भावंड, किरण आणि कीरन, तारा आणि आयरिश राजांची तारा टेकडी. या जोड्यांत व्युत्पत्तीचे कसलेच नाते नाही. आजीला ते नाव पत्रिकेतले वाटते आणि शेजाऱ्याला उच्चारताना जीभ अडखळत नाही, एवढे त्यांचे भांडवल. प्रत्येक कुटुंब मात्र हा हिशेब करतेच असे नाही. मालवण तालुक्यातील वराड गावचे डॉक्टर अशोक वराडकर आणि वॉटरफर्ड परगण्यातील परिचारिका मिरियम यांच्या, १९७९ मध्ये डब्लिनला जन्मलेल्या मुलाचे नाव लिओ. ते ना मराठी, ना गेलिक. २०१७ मध्ये तो आयर्लंडचा पंतप्रधान झाला. त्याच्या नावातला कोकणी अंश सगळा आडनावात आहे, आणि डब्लिनच्या वृत्तनिवेदकांना शिकावा लागला तो उच्चार ‘वराडकर’चा.

येथे नामपद्धतीचा फरक महत्त्वाचा ठरतो. मराठी माणसाचे परकेपण किंवा आपलेपण आडनाव सांभाळते. म्हणून पहिल्या नावाबाबत तो बेफिकीर राहू शकतो. तमिळ पद्धतीत आडनाव नाही. माणसाच्या नावापुढे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर येते, इतकेच. नातवाला तमिळमध्ये ‘पेरन’ म्हणतात. हा शब्द नाव या अर्थाच्या ‘पेयर’पासून आला आहे. आजोबांचे नाव धारण करणारा तो नातू. थोरल्या मुलाला आजोबांचे नाव द्यावे ही चाल जुन्या आयर्लंडमध्येही होती, आणि व्यंकोजींनी थोरल्याचे नाव शहाजी ठेवले तेव्हा तेही तमिळ रीतीने पाहता चोख ‘पेरन’ घडवत होते.

चेन्नईतील जुन्या तंजावरी मराठी कुटुंबांची या पद्धतीत विलक्षण अवस्था झाली. घरात दक्षिणी मराठी, बाहेर तमिळ. देशस्थांच्या पुष्कळ घरांतून आडनाव गळाले आणि ‘राव’ हे उपपद तेवढे मराठीपणाची खूण म्हणून उरले. नव्या पिढीच्या नावांत तेही गळत आहे. भाषा आधी गेली की नाव आधी गेले, हे एकेका घराच्या नोंदी पाहूनच सांगता येईल. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यान्वये नावावाचूनही जन्म नोंदवता येतो. नाव नोंदीनंतर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. त्या रिकाम्या रकान्यात कोणत्या दशकात काय भरले गेले, याचा अभ्यास अद्याप कोणी हाती घ्यावा असा आहे.

आडनावाच्या अभावी परक्या नावाचे जे होते ते मराठी पद्धतीत होऊ शकत नाही. ‘मु. क. स्टॅलिन’ या नावात मुत्तुवेल हे आजोबा आणि करुणानिधी हे वडील आद्याक्षरांत आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये, याच स्टॅलिन यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, आद्याक्षरेही तमिळमध्येच लिहावीत असा आदेश निघाला. आद्याक्षरे तमिळ झाली, नावाच्या आरंभीचे उसने अक्षर तसेच राहिले. त्यांचा मुलगा, २०२४ मध्ये उपमुख्यमंत्री झालेला, उदयनिधी स्टॅलिन. संस्कृत नाव पुढे, रशियन नाव वडिलांचे म्हणून मागे, आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. रजनीकांत यांच्या मुलीही त्यांचे पडद्यावरचे नावच आपल्या नावामागे लावतात. गायकवाड तेथे नाही, शिवाजीरावही नाही, १९६६च्या एका चित्रपटातले पात्र आहे.